मदत हवी आहे: सांगली-मिरजेत चालू स्थितीतली पायपेटी

नमस्कार मंडळी. माझी मामेबहीण स्वतः गाणी लिहिते, चाली लावते. बाज सगळा १९५०च्या दशकातल्या भावगीतांचा. नव्या अल्बमचं प्रकाशन सांगलीत, गाण्यांच्या कार्यक्रमातच आहे. तंबोऱ्यांची चिंता नाही, ते बनवणारं मिरज शेजारीच. अडलंय ते पायपेटीवर. संगीत नाटकात वाजायची ती, पायाने भाता मारायची. कुणाच्या वाड्यात, नाट्यमंडळाकडे असेल तर दोन दिवस भाड्याने मिळेल का? एक पाहिली, पण सुराआधी भात्याची फुसफुसच ऐकू येते; माइकसमोर कशी चालणार! शिवाय जुन्या पेट्यांची पट्टी (सुराची उंची) आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला जुळेलच असं नाही. गिटार उतरवता येईल, बासरीचं काय? म्हणून आधी 'सा'चं रेकॉर्डिंग पाठवा. भाता दुरुस्त करणारा कारागीर माहीत असेल तरी सांगा. कीबोर्डचा सल्ला कृपया नको, ती ऐकणार नाही. ने-आण आमच्याकडे.