खो-खो खेळणाऱ्या लेकीचा गुडघा दुखतोय, खेळ थांबवू का?

मिरजेची आई
लेक 12 वर्षांची, सातवीत आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राची. तेव्हापासून पोरीला दुसरं काही सुचत नाही. सकाळी शाळेचा सराव, संध्याकाळी मंडळाचा, रविवारीही सुट्टी नाही. वर्षभरात उंची एकदम वाढली. दीड महिना झाला, उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय. तिथे टणक टेंगूळ आलंय, हात लावू देत नाही. पाटीत उकिडवं बसून खो मिळाला की उठतानाच कळ येते. एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत 'वर्षभर खेळ बंद' सांगितलं. प्रशिक्षक म्हणतात, वाढीचं दुखणं आहे, पट्टा बांध आणि पळ. स्पर्धा पाच आठवड्यांवर आलीय. खेळ सुटेल म्हणून रोज रात्री रडते. कोणाचं ऐकू?

फिजिओ_सांगली
ताई, तपासल्याशिवाय ठाम सांगत नाही, पण वर्णन ऑसगुड-श्लॅटरचं वाटतं. बॉस्टनच्या ऑसगुड आणि झुरिकच्या श्लॅटर या दोन डॉक्टरांनी 1903 मध्ये वेगवेगळं नोंदवलेलं जुनं दुखणं आहे. मुलींत साधारण 10 ते 13 आणि मुलांत 12 ते 15 या वयात दिसतं. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून येऊन नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथलं हाड या वयात अजून कूर्चेचं, कच्चं असतं. उंची झपाट्याने वाढताना स्नायू ताठ होतो आणि प्रत्येक उठाबशीला त्या कच्च्या जागेला ओढतो. खो-खोत एका सरावात किती वेळा बसून उठावं लागतं ते मोजून बघा.

याला 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडून देऊ नका. ते सहसा रात्री, दोन्ही पायांत, पोटऱ्या-मांड्यांत होतं आणि सकाळी पोर उड्या मारत असते. त्यात टेंगूळ येत नाही.

वर्षभर बंदची गरज सहसा पडत नाही. भार कमी करा. दिवसात एकच सराव, आठवड्यात किमान एक पूर्ण सुट्टी. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडली नाही, तर तेवढं चालेल. खेळून आल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं लावा. मांडीचे ताण आणि ताकदीचे व्यायाम फिजिओसमोर शिकून घ्या. टेंगळावर तेल चोळणं, मालीश नको. गोळी देऊन मैदानात उतरवणं तर अजिबात नको, दुखणं झाकलं जातं आणि ओढ चालूच राहते. पूर्ण शमायला काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं लागतात. टेंगूळ मागे राहिलं तरी बहुधा त्रास देत नाही.

जुना_खेळाडू
मी मुलींना शिकवतो. अशा वेळी खेळाडूला संघाबाहेर काढू नका, मन मोडतं. सरावात तिला पळतीत, म्हणजे बचावाच्या बाजूला ठेवा, साखळीचं (बसलेल्यांच्या मधून नागमोडी) पळणं, हुलकावण्या करू दे. पाठलागात बसवू नका, सूर मारणं आणि खांबावर झेपावणं बंद. पळताना दुखलं तर तेही थांबवा. प्रशिक्षकांशी तुम्हीच बोला, पोरगी स्वतःहून सांगणार नाही. आम्हीही सांगत नव्हतो. मातीत गुडघा सोलवटला तरी 'काही नाही सर' म्हणायचो. ती सवय या मुलींना लागू नये असं मनापासून वाटतं.

एक_बाबा_कोल्हापूर
माझा मुलगा 13 चा. गुडघा दुखतो म्हणत महिनाभर लंगडत होता, आम्ही गुडघ्यालाच मलम लावत बसलो. मूळ दुखणं खुब्यात निघालं. मांडीच्या हाडाचं डोकं सरकलं होतं, ऑपरेशन करावं लागलं. म्हणून हात जोडून सांगतो, लंगडत असेल तर खुबाही तपासायला लावा.

फिजिओ_सांगली
फार महत्त्वाचं लिहिलंत. ताई, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, अख्खा गुडघा सुजणं किंवा अडकणं, यातलं काही असेल तर थांबू नका. उडी मारताना कट्कन आवाज होऊन पाय सरळ उचलता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना. मुलांची हाडं बघणारे ऑर्थोपेडिक गाठा आणि सरळ विचारा, 'काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं?' एवढं न सांगता उठवलं तर दुसरं मत घ्या.

मिरजेची आई
सगळ्यांचे आभार. लंगडत नाही, रात्रीही दुखत नाही, तरी सोमवारची वेळ घेतली आहे, खुबाही दाखवते. सकाळचा सराव आजपासून बंद. सरांना फोन केला, ते आधी नाराज झाले, मग म्हणाले पळतीत ठेवतो. लेकीला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न होता, 'म्हणजे संघात आहे ना मी?'