घरच्या घरी मॉस्को म्यूल : आपापले अनुभव लिहा

मॉस्को म्यूल म्हणजे थंडगार, फसफसतं कॉकटेल: व्होडका, जिंजर बीअर (आल्याचं तिखट, फसफसतं पेय), लिंबू. घटक तीनच, त्यामुळे एक जरी ढिला पडला तरी पहिल्या घोटात कळतं. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं प्रमाण असं: व्होडका ४५ मिली, जिंजर बीअर १२० मिली, लिंबाचा ताजा रस १० मिली. भरपूर बर्फ, त्यावर व्होडका आणि रस, शेवटी जिंजर बीअर, आणि हलक्या हाताने एकदाच ढवळायचं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. आलं कुठलं, भांडं कसलं, फसफस कशी टिकवता, हे ज्यांनी केलंय त्यांनी लिहावं. माझं मत ठाम आहे: गोडमिट्ट जिंजर एल (आल्याच्या चवीचा सौम्य सोडा) घालून म्यूल होत नाही, आल्याचा ठसका घशाला लागलाच पाहिजे. (महाराष्ट्रात व्होडकासाठी वयाची पंचविशी पूर्ण लागते, ती झालेल्यांसाठीच हा धागा.)

साताऱ्याहून
आमचं आल्याचंच शेत, त्यामुळे विकतच्या बाटलीकडे कधी वळले नाही. जुनं, रेषा धरलेलं आलं घ्या, कोवळ्यात तिखटपणा कमी. किसून पिळायचं आणि रस अर्धा तास स्थिर ठेवायचा. तळाला पांढरा साका बसतो, तो टाकून वरचा रस ओतून घ्यायचा, नाहीतर पेय पिठूळ लागतं. साखरेचा पाक वेगळा करून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच त्यात रस घाला. आलं उकळलं की त्यातलं जिंजरॉल झिंजरोनमध्ये बदलतं आणि तिखटपणा मवाळ होतो. चहात ते चालतं, इथे नाही. वरून थंडगार सोडा. आंबवलेल्या जिंजर बीअरची खोली याला येत नाही हे मान्य, पण पाहुणे दारात असताना हाच मार्ग.

नाशिकहून
ती खोली हवी असेल तर जिंजर बग, म्हणजे आल्याचं विरजण, लावा. आलं धुवा पण सोलू नका, आंबवणारं यीस्ट सालीवरच असतं. किसलेलं आलं, साखर आणि क्लोरीन नसलेलं पाणी बरणीत घालून वर फडकं बांधायचं, रोज चमचाभर आलं आणि चमचाभर साखर द्यायची. उन्हाळ्यात बुडबुडे लवकर येतात, थंडीत धीर धरावा लागतो. मग आल्याचं गोड पाणी गार करून त्यात लिंबू पिळायचं, हे विरजण गाळून घालायचं आणि बाटल्या भरायच्या.

बाटल्या प्लॅस्टिकच्या, सोड्याच्या. हे कळकळीने सांगतोय. आतला वायू वाढतच जातो आणि काचेची बाटली फुटली तर डोळ्यांवर बेतू शकतं. प्लॅस्टिकची बाटली दाबून बघता येते. दगडासारखी टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये. साखर टिकून गोडवा राहतो तोही थंडीमुळेच, बाहेर ठेवली तर यीस्ट खातच राहतं. आणि यात थोडा अल्कोहोल आपोआप तयार होतो, तेव्हा मुलांचं सरबत समजून देऊ नका.

लॉस एंजेलिसहून
नावात मॉस्को असलं तरी पेय पक्कं अमेरिकन. इथल्या सनसेट स्ट्रिपवर कॉक अँड बुल नावाचं रेस्टॉरंट होतं. त्याचे मालक जॅक मॉर्गन यांच्याकडे जिंजर बीअर पडून होती आणि ह्यूब्लाइन कंपनीच्या जॉन मार्टिन यांच्याकडे स्मिरनॉफ व्होडका. व्होडका तेव्हा अमेरिकेत फार कोणी पीत नव्हतं. १९४१ च्या सुमाराला दोघांनी ते एकत्र केलं, अशी प्रसिद्ध हकीकत. वेस प्राइस या तिथल्या बारटेंडरने मात्र श्रेय स्वतःकडे घेतलं होतं. पडून राहिलेला माल खपवायला हेच सुचलं असणार, असं मला प्राइसची बाजू वाचून वाटतं.

पुण्याहून
म्यूल तांब्याच्या मगात द्यायची पद्धत आहे, त्या मगाबद्दल बोलायलाच हवं. तांब्यात आंबट ठेवू नये हे आपल्या घरात आजी-पणजीपासून ठाऊक. अमेरिकेत आयोवा राज्याच्या मद्य विभागाने २०१७ मध्ये तेच बजावलं: सहापेक्षा कमी पीएचचा पदार्थ (पीएच जितका कमी तितका पदार्थ आंबट) उघड्या तांब्याला लागू देऊ नका. लिंबामुळे म्यूल त्याच्या कितीतरी खाली जातं. म्हणून आतून कल्हई किंवा स्टीलचं अस्तर असलेलाच मग घ्यावा. माझे मग तांबट आळीतले, कल्हई झिजली की पुन्हा करून घेते. तांबं झटकन गार पडतं, ओठाला तो गारवा लागतो, त्याची मजा काचेत नाही. पण अस्तर नसेल तर सरळ काचेचा ग्लास घ्या.

म्हापशाहून
मार्च ते मे उर्राक (काजूच्या बोंडांची, फेणीपेक्षा हलकी गोव्याची दारू) मिळतो तेव्हा व्होडकाला सुट्टी. उर्राक, जिंजर बीअर, लिंबू, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि चिमूटभर मीठ. काजूच्या बोंडाचा वास आल्याला दबत नाही. फेणी घालायची तर प्रमाण कमी ठेवा, ती फार कडक.

मेलबर्नहून
इथे बंडाबर्गची जिंजर बीअर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, त्यामुळे खटाटोप नाही. लिंबाचा फरक मात्र लक्षात घ्या. इथलं हिरवं, बिनबियांचं लाइम सौम्य. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट, त्यामुळे भारतात गेले की १० मिलीऐवजी ७-८ वर थांबते.

साताऱ्याहून, पुन्हा
कागदी लिंबाचं अगदी खरं. आणि ते आयत्या वेळीच पिळा, आधी काढून ठेवलेला रस कडसर होतो.