जुनी सीजे-३बी जीप घेण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न: रत्नागिरीजवळ १९६५ सालची महिंद्रा सीजे-३बी विक्रीस आहे. रंग आणि सीट नवीन असून गाडी पहिल्याच फटक्यात चालू होते, तरीही मनाची खात्री पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: नव्या रंगावर जाऊ नका. कोकणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या जीपचा पत्रा बदलता येतो, पण चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) कुजली असेल तर खर्चाला अंत राहत नाही. म्हणून गाडीखाली आडवे होऊन, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे चासीला बसतात त्या जागा लहान हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर उत्तम, बद्द आवाज येऊन गंजाचे पापुद्रे हातावर पडले तर व्यवहार सोडून द्या. माझ्या जीपच्या चासीवरचे भोक डांबर फासून झाकलेले होते आणि ते मला पहिल्या पावसाळ्यानंतरच दिसले.

उत्तर २: सहमत. फोर-व्हील ड्राइव्ह मात्र डांबरी रस्त्यावर नव्हे, चिखलात किंवा मोकळ्या मातीत तपासा. चढावर तिचा लिव्हर आपोआप निसटत असेल तर आतल्या गिअरचे दाते झिजलेले असतात. या जीप मुळात पेट्रोलच्या, पण अनेकांत नंतर डिझेल इंजिन बसवले गेले, तेव्हा त्या बदलाची आरसीत नोंद आहे का आणि चासी क्रमांक जुळतो का, हे विसार देण्याआधी पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते, तीही पाहा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. रविवारी मेकॅनिकला सोबत घेऊन जातो.