मदत हवी आहे: चर्चच्या फॉर्ममधला ‘मुलं’ हा प्रश्न आणि आमचं दत्तकाचं ठरलेलं

नमस्कार. मी मूळची वसईची, घरात मराठी बोलणारी कॅथलिक. नोकरीमुळे आठ वर्षं ठाण्यात, माजिवड्याला राहते. जानेवारीत लग्न आहे. होणारा नवरा कोपरखैरण्याचा, हिंदू. मी ३३, तो ३६. दोन्ही घरांतली रडारड, अबोला सगळं होऊन गेलंय, त्यावर सल्ला नकोय. अडलंय ते भलतीकडेच.

तो स्वतः दत्तक आहे. दीड वर्षाचा असताना आईबाबांनी त्याला घरी आणलं. कळायला लागल्यापासून त्याला हे माहीत आहे. वाढदिवसाला केक असतो आणि ‘घरी आल्याच्या दिवशी’ श्रीखंड. मला लग्नाचं विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं होतं, "मूल हवं, पण दत्तकच. इतकी मुलं घराची वाट बघत असताना आणखी एक कशाला?" मला ते तेव्हाही आवडलं होतं, आजही आवडतं.

गेल्या शनिवारी फादरांनी बोलावलं. एकेकाला वेगळं आत घेऊन, शपथेवर प्रश्न विचारून फॉर्म भरतात. माझं पंधरा मिनिटांत झालं. तो पाऊण तास आत. देवाकडून मिळणारी मुलं प्रेमानं स्वीकाराल का, या प्रश्नावर पठ्ठ्यानं सांगितलं, "हो, पण आम्हाला स्वतःची नकोत, दत्तक घेणार." फादरांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, दोघं नीट बोला, मग या. रागावले नाहीत, चहासुद्धा दिला. पण फॉर्म अर्धाच आहे, आणि त्याचा बाप्तिस्मा झालेला नसल्यामुळे बिशपांकडे डिस्पेन्सेशनचा, म्हणजे खास परवानगीचा, अर्ज जायचाय, तोही अडकला.

मम्मी म्हणते, "‘हो’ म्हणा नि सही करा. तुमच्या खोलीत कोण बघायला येतंय?" तो म्हणतो, खोटं बोलायचं असेल तर रजिस्टर करू. मला चर्चमध्येच करायचंय.

दत्तक घेणं चांगलं असं चर्चच सांगतं ना? मग ते ‘मुलं स्वीकारणं’ का नाही? ज्यांना मूल होणारच नाही त्यांची लग्नं लावतातच की. माझ्या मावशीचं तर ५१ व्या वर्षी लागलं. आणि नवरा हिंदू असेल तर दत्तक मुलाचा बाप्तिस्मा होतो का? कृपया धर्मावरून भांडू नका.

घोडबंदरवाला: रजिस्टर करा, मोकळे व्हा. चर्चला तुमच्या बेडरूमशी काय देणंघेणं?

धागाकर्ती: हा प्रतिसाद पहिलाच येणार हे माहीत होतं. पुढचा.

वाशीची आजी: अगं, मी बारा वर्षं लग्नाआधीच्या कोर्समध्ये जोडप्यांसमोर बडबड केली आहे, म्हणून लिहिते.

आधी मम्मीचं. तोंडानं ‘हो’ आणि मनात पक्कं ‘नाही’, ही नुसती थाप राहत नाही. कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम ११०१ बघ. लग्नाच्या गाभ्यातली एखादी गोष्ट कुणी मनाशी ठरवून वगळली, तर ते लग्न चर्चच्या लेखी लागतच नाही. मुलं होऊ देणं नि वाढवणं कलम १०५५ प्रमाणे त्या गाभ्यात येतं. टोपण लावणारा फादर तुमच्या भल्याचा. न विचारता लिहून घेणारेही असतात.

मावशीचं निराळं. वंध्यत्वामुळे लग्न अडत नाही की रद्द होत नाही, कलम १०८४. (लपवून फसवलं तर वेगळी गोष्ट.) वयस्कर जोडप्याला तो प्रश्न विधीत न विचारण्याचीही मुभा आहे. मावशीचं ‘होणार नाही’ आहे, तुझ्या माणसाचं ‘नको’. तसं म्हटलं तर मावशीचंही काय सांगावं, ठाण्यात तलावपाळीजवळचं चर्च ज्याच्या नावाचं, त्या जॉन बाप्टिस्टची आई म्हातारपणीच बाळंत झाली होती!

दत्तकाला कुणी कमी लेखलेलं नाही. मूल हा हक्क नसून देणगी आहे, असं कॅटेकिझममध्ये (चर्चच्या शिकवणुकीच्या पुस्तकात) परिच्छेद २३७८ ला आहे, आणि ज्यांना मूल होत नाही त्यांच्यासाठी लगेच पुढच्या परिच्छेदात दत्तकाचा उल्लेख. पोप फ्रान्सिस जानेवारी २०२२ मध्ये संत योसेफांवर बोलताना म्हणाले होते की दत्तकाच्या वाटेला घाबरू नका. त्याच भाषणात मुलांऐवजी कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांना बोलले आणि बातम्यांत तेवढंच आलं. पण दत्तक घ्यायचं म्हणून पोटी येणाऱ्याला दार कायमचं बंद, हे चर्चला चालत नाही. ‘आत्ता नको’ चालतं. १९६८ च्या ‘हुमाने विते’ या पत्रात पोप पॉल सहावे यांनी गर्भ राहू नये म्हणूनची कृत्रिम साधनं नाकारली, पण सबळ कारण असेल तर पाळीचं चक्र बघून अंतर ठेवायला हरकत घेतली नाही. साधनं वापरलीत तर तो कन्फेशनचा, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करण्याचा, विषय. ‘कधीच नको’ हा लग्न वैध की अवैध याचा विषय. लोक या दोन्हींची खिचडी करतात.

त्याला एकच विचार: दिवस राहिले तर काय करशील?

बाप्तिस्म्याला आईवडिलांपैकी एकाची संमती पुरते. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला जमेल ते करीन, हे वचन तू द्यायचंस, त्यानं नाही. त्याला त्याची कल्पना दिलेली असली पाहिजे, इतकंच. आणि कायद्यानं दत्तक घेतलेलं मूल चर्चच्या लेखीही तुमचंच, कलम ११०.

हे ‘कायद्यानं’ किती मोठं आहे ते सांगते. आम्ही १९९३ मध्ये लेक आणली तेव्हा ख्रिश्चनांसाठी दत्तकाचा कायदाच नव्हता. १९५६ चा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शिखांपुरता. आम्हाला १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स. कोर्टाच्या कागदावर ती ‘वॉर्ड’, म्हणजे नुसती सांभाळायला दिलेली, नि आम्ही गार्डियन. शाळेच्या फॉर्मवर मुलीशी नातं या रकान्यात ह्यांनी ‘वडील’ लिहिलं, क्लार्कनं कोर्टाचा कागद वाचून ते खोडलं नि वर ‘पालक (गार्डियन)’ लिहिलं. हे स्टेशनपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बालन्याय कायद्यात २००६ ला दुरुस्ती झाली तेव्हा कुठे सगळ्या धर्मांच्या लोकांना दत्तक मूल पूर्णपणे आपलं म्हणता येऊ लागलं. सुप्रीम कोर्टानंही २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात ते स्पष्ट केलं. आमची लेक तोवर मोठी होत आली होती.

नेरुळकर: ताई, आमचं दत्तक झालंय, म्हणून व्यवहाराचं सांगतो. लग्नाला दोन वर्षं झाल्याशिवाय जोडप्याला मूल देत नाहीत. म्हणजे घाईनं काही ठरवायची गरजच नाही. दोन वर्षांखालचं बाळ हवं असेल तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते. दोन वर्षांनी तुमची ७३, निश्चिंत राहा. नोंदणी फक्त ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर. कुठल्या नर्सिंग होममधून ‘बाळ आहे’ म्हणून फोन आला तर ठेवून द्या. धर्म बघून मूल देत नाहीत. रांग मोठी आहे, वर्षांत मोजायची. आमच्याकडे होम स्टडीला, म्हणजे घर नि माणसं बघायला, आलेल्या बाईंनी पगाराच्या स्लिपपेक्षा जास्त वेळ बाल्कनीच्या जाळीला दिला.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. घडलेलं सांगते.

आजी, रविवारी कोपरखैरण्याला गेले होते, तिथे जेवताना त्याला तुमचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "तर काय, वाढवू. नको म्हणून ठेवून दिलेलं मूल मी स्वतः होतो. मी कुणाला नको म्हणेन?" मग ‘स्वतःची नकोत’ का म्हणालास, असं मी विचारलं. तेवढ्यात त्याच्या आई आमटी वाढता वाढता थांबल्या. त्यांना फादरांकडचं काही माहीत नव्हतं. "स्वतःची म्हणजे काय रे? तू मग कुणाचा?" पळी हातात तशीच. त्याला उत्तर सुचेना. बाबांनी ताक मागितलं म्हणून सुटला.

काल परत गेलो. आधी दत्तक घ्यायची इच्छा आहे, पण पोटी मूल आलं तर तेही आमचंच, कायमचं ‘नाही’ ठरवलेलं नाही, असं त्यानं सांगितलं. फादरांनी तीन वेळा उलटसुलट विचारून खात्री केली, मग लिहिलं. साधनांवरून त्या दोघांचं अजिबात पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही पूर्ण पटलेलं नाही. तो वाद लग्नानंतरही चालणार.

आता शेवटचं. डिस्पेन्सेशनला साधारण किती दिवस धरून चालायचं? हॉलवाला या आठवड्यात ॲडव्हान्स मागतोय.