कॉल आणि रिपोर्ट एका मशिनवर नकोत
कॉल सेंटरमधल्या शंभर एजंटांसाठी सगळं एकाच सर्व्हरवर चालेल का, असा प्रश्न आहे. चालेल, पण मी तसं करणार नाही. अ‍ॅस्टेरिस्क (फोन कॉल जोडणारं सॉफ्टवेअर) कॉल सांभाळत असतो, त्याच डिस्कवर रेकॉर्डिंग लिहिलं जात असतं, तेवढ्यात सुपरवायझर महिन्याचा रिपोर्ट काढतो आणि डेटाबेस डिस्क अडवून बसतो. आवाज तुटतो, ग्राहकाची बोलणी मात्र एजंटला खावी लागतात. म्हणून आधी डेटाबेस वेगळा काढा, रिपोर्ट रेप्लिकावरून, म्हणजे त्याच्या दुसऱ्या मशिनवरच्या प्रतीवरून द्या. जी.७११ कोडेकला (आवाज डेटात बदलायच्या पद्धतीला) एका कॉलमागे प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतात, म्हणजे १०० कॉलना जेमतेम ९ एमबीपीएस. बँडविड्थपेक्षा जिटर, म्हणजे आवाजाची पॅकेट कमीजास्त उशिराने पोहोचणं, जास्त नडतो. पुढ्यात कामाइलिओ (कॉल अनेक सर्व्हरमध्ये वाटून देणारं सॉफ्टवेअर) ठेवलात, तर एकेक अ‍ॅस्टेरिस्क रिकामा होऊ देऊन अपडेट करता येतो, चालू कॉल न तोडता.