गेटचा कॅमेरा मोबाईलवर पाहायचा, पण पोर्ट उघडायचं का?

सचिव: नमस्कार मंडळी. कॅमेऱ्यावाला म्हणते राउटरमधलं पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडून द्या, मग सगळ्यांना मोबाईलवर गेट दिसन. आणि गेटचा कॅमेरा रोज दिवेलागणीला बंद-चालू होऊन राहिला, तो नवीनच घ्या म्हणते. दोन्हीला हो म्हणू का जी?

बी-४०२: पोर्टला साफ नाही. पोर्ट उघडलं की एनव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या यंत्राचं) लॉगिन साऱ्या जगासमोर येते, आणि असे उघडे पत्ते शोधणारे प्रोग्राम चोवीस तास फिरत असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं टेलनेटवर (दुरून लॉगिन करायची जुनी वाट) कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डच्या ६२ जोड्या लावून लाखो कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डाइन (Dyn) कंपनीची डीएनएस सेवा (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी) पाडली. मिराई मेमरीतच राहते, म्हणून रिबूट केल्यावर जाते. पण पासवर्ड तोच असला तर काही मिनिटांत परत.

ए-२०१: आपला पासवर्ड तर बदलला ना बाप्पा?

बी-४०२: काका, तेवढ्यानं भागत नाही. फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या सॉफ्टवेअरमध्ये, भोक असलं तर पासवर्ड न विचारताच आत जाता येते. यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडायची सोय) राउटर आणि एनव्हीआर दोन्हीत बंद करा, नाहीतर एनव्हीआर स्वतःच पोर्ट उघडून घेते. मग पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर जुनी नोंद उरली असेल तर काढा. मोबाईलवर पाहायचं तर राउटरमधलं वायरगार्ड (बाहेरून आत यायची सुरक्षित वाट, म्हणजे व्हीपीएन) लावा. आपल्याला स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) नसेल तर ते बाहेरून लागणार नाही, मग कॅमेरा कंपनीचं ॲप, आणि त्यात फक्त पाहण्यापुरता वेगळा युजर. ॲडमिनचा पासवर्ड ग्रुपवर टाकू नका. अन् गेट ८० घरांना कशाला दिसायला हवं, हा माझा वेगळा प्रश्न.

सचिव: ऑफिसच्या संगणकापासून वेगळा ठेवायला एनव्हीआर गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर) टाकला तर?

बी-४०२: गेस्ट हे बहुतेक राउटरमध्ये वायफायपुरतंच असते, एनव्हीआर तर वायरवर आहे. व्हीलॅनचा (वेगवेगळी नेटवर्क करता येणारा) स्विच नसेल तर कपाटातला जुना राउटर वापरा. एनव्हीआर पहिल्या, म्हणजे बाहेरच्या राउटरवर. ऑफिसचा संगणक दुसऱ्या राउटरच्या आत, त्याची वॅनची (इंटरनेटच्या बाजूची) वायर पहिल्याच्या लॅनमध्ये (आतल्या नेटवर्कच्या बाजूला). संगणकावरून कॅमेरे दिसतील, एनव्हीआरला संगणक गाठता येणार नाही. उलटं जोडलं तर फायदा शून्य, आतल्यातून बाहेरच्याकडे वाट मोकळीच असते. दोन्हीचे आयपी मात्र वेगळे ठेवा: एक १९२.१६८.१.१, दुसरा १९२.१६८.२.१.

सी-१०३: कॅमेरा बदलू नका, आधी हे करा. भर दुपारी कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळं कापड टाका. अंधार वाटला की रात्री पाहायचे आयआर एलईडी लागतात आणि करंट वाढते. तेव्हाच रिस्टार्ट झाला तर दोष विजेचा आहे. ऑफिसमधल्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून ६० मीटर लांब, नेटवर्क केबलच्याच दोन तारांतून वीज नेली आहे. जाऊन-येऊन १० ओम धरा. अर्धा अँपिअर ओढला की ५ व्होल्ट वाटेतच जातात, कॅमेऱ्याला उरतात ७. तेच ६ वॅट पीओईनं (नेटवर्क केबलमधून वीज द्यायची ठरलेली पद्धत) ४८ व्होल्टवर नेले तर सव्वा व्होल्टसुद्धा पडत नाही.

ए-२०१: अन् लाइट गेली की नेट जाते, त्याचं काय? इन्व्हर्टर तर आहे.

सी-१०३: फायबर थेट ऑफिसच्या ओएनटीत (फायबर जोडायच्या यंत्रात) येत असेल तर ओएनटी आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतले की झालं. आपल्याकडे मात्र गच्चीवरच्या डब्यातल्या स्विचमधून लॅनची वायर उतरते, आणि त्या स्विचला बॅकअप नाही. शिवाय असे साधे स्विच बहुतेक ४० अंशांपर्यंतचेच असतात. मे महिन्यात नागपुरात सावलीतच ४५, पत्र्याच्या डब्यात काय होत असेल ते पाहून घ्या. नेट देणाऱ्याला म्हणा, फायबर खालपर्यंत आणा. विजांच्या दिवसांत तांब्याच्या वायरीतून येणारा सर्जही (विजेचा अचानक लोट) मग टळते.

ए-२०१: मी आता सीताबर्डीलाच जाऊन राहिलो. काय आणू?

सी-१०३: कॅमेऱ्याच्या लेबलवर पीओई लिहिलं आहे का, ते गार्डला आधी पाहायला सांगा. असलं तर ८०२.३एएफचा (पीओईचं मानक) ४८ व्होल्ट इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा) एक. कॅट-६ बाहेरच्या वापराची, काळ्या वेष्टनाची, ७० मीटर. सीसीए (तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम) लिहिलेली नको. दुकानातच तार ब्लेडनं खरवडा, आतून पांढरी निघाली की ठेवून द्या.

ए-२०१: अन् शुद्ध तांबं मिळालं तर बिल सोसायटीच्या नावानं ना?

सचिव: हो काका, जीएसटीचं घ्या.