ह्यूज पेजेस सरसकट चालू ठेवावीत का?

ओंकार:
ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस, म्हणजे नेहमीच्या ४ केबीच्या पानांऐवजी कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) आपणहून दिलेली मेमरीची २ एमबीची पानं, लिनक्समध्ये २०११ साली आली, २.६.३८ आवृत्तीत. तरीही नवा सर्व्हर हाती आला की बरेच जण आधी तीच बंद करतात. मला हे अजिबात पटत नाही. १५३६ नोंदींचा टीएलबी (पानांचे पत्ते हाताशी ठेवणारी प्रोसेसरमधली छोटी कॅश) ४ केबीच्या पानांनी जेमतेम ६ एमबी मेमरी झाकतो. पानं २ एमबीची केली की तोच टीएलबी ३ जीबीला पुरतो. नोंद सापडली नाही की चार पातळ्यांचं पेज टेबल (मेमरीतली पत्त्यांची पूर्ण यादी) उतरत जावं लागतं. व्हर्च्युअल मशिनमध्ये तर एका पत्त्यापायी, वाईटात वाईट, २४ वेळा मेमरी वाचावी लागते. प्रोग्रॅमची एक ओळही न बदलता हा त्रास कमी होतो, मग ते 'ऑलवेज'वरच (न मागताही सगळ्यांना) का नको?

मेघना:
असहमत. रेडिस या डेटाबेसचे दस्तऐवज हे बंद ठेवायला सांगतात ते उगाच नाही. स्नॅपशॉटसाठी फोर्क झाला, म्हणजे तीच पानं वापरणारी प्रोसेसची प्रत निघाली, की मूळ प्रोसेसनं एक बाइट लिहिला तरी ४ केबीऐवजी २ एमबी कॉपी व्हायचे. ५१२ पट काम!

ओंकार:
'व्हायचे' हेच खरं. कर्नल ५.८ पासून अशा वेळी मोठं पान फोडून ४ केबीचंच पान कॉपी होतं. डीफ्रॅगमुळे (मोठ्या पानासाठी सलग जागा करताना) अडकून पडण्याची तक्रारही जुनी झाली. ४.६ पासून मूळ सेटिंगमध्ये फक्त एमअ‍ॅडव्हाइज मागणाऱ्यांनाच, म्हणजे मोठी पानं हवीत असं स्वतः सांगणाऱ्या प्रोग्रॅमनाच, थांबावं लागतं.

मेघना:
ते दोन्ही मुद्दे मान्य. पण फुगणाऱ्या मेमरीचं काय? छोटी पानं मागाहून जोडून मोठं पान करणाऱ्या के-ह्यूजपेज-डीचा मॅक्स_पीटीईज_नन (किती पानं रिकामी चालतील तो आकडा) मुळात ५११ असतो. म्हणजे ५१२ पैकी एकच पान वापरात असलं तरी बाकीची रिकामी पानं भरून तो अख्खे २ एमबी अडवू शकतो. अ‍ॅलोकेटरनं (प्रोग्रॅमला मेमरी वाटणाऱ्या भागानं) मोठ्या कष्टानं परत केलेली मेमरी अशी पुन्हा प्रोसेसच्या नावावर चढते, आणि मर्यादा घातलेल्या कंटेनरमध्ये मेमरी संपली म्हणून प्रोसेस मारणारा ओओएम किलर येतो. कोणता पट्टा दाट वापरला जाणार हे कर्नलला नव्हे, अ‍ॅलोकेटरला माहीत असतं. डेटाबेस मोंगोडीबी आधी हे बंद करा म्हणायचं, ८.० पासून चालू ठेवा म्हणतं, कारण त्यांनी टीसीमॅलॉक या अ‍ॅलोकेटरची नवी आवृत्ती घेतली. म्हणून मूळ सेटिंग 'एमअ‍ॅडव्हाइज'च हवं.

सुहास:
वाद ४ केबी की २ एमबी एवढ्यावरच का अडलाय? ६.८ पासून (२०२४) १६ किंवा ६४ केबीसारखे मधले आकारही मिळतात. टीएलबीचा फायदा कमी, पण वायाही कमी जातं.

ओंकार:
मधल्या आकारांचं स्वागतच आहे. पण मेघना, एमअ‍ॅडव्हाइज कधीच न मागणारे हजारो जुने प्रोग्रॅम आहेत, त्यांना कोणी हात लावणार नाही. त्यांनी कायम ४ केबीवरच राहायचं? मॅक्स_पीटीईज_नन खाली आणा, 'ऑलवेज' तसंच राहू द्या.

मेघना:
तो आकडा के-ह्यूजपेज-डी पानं जोडताना बघतो. 'ऑलवेज'मध्ये पहिल्याच पेज फॉल्टला (प्रोग्रॅमनं त्या जागेला पहिल्यांदा हात लावताच) २ एमबी मिळतात, तिथे तो विचारलाच जात नाही. जुन्या प्रोग्रॅमना ६४ केबी द्या, माझी हरकत नाही. २ एमबी मात्र मागितल्याशिवाय नको.